यॉर्कटाऊनची रणभूमी पाहायला जाताना

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील, तिकडेच स्थायिक झालेली कुटुंबे, शिकायला गेलेले विद्यार्थी, या सगळ्यांचे व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनबद्दलचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. ‘जेम्सटाऊन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाऊन म्हणजे एकच ठिकाण का?’, ‘एका तिकिटात सगळे होते का?’, ‘आम्ही ज्येष्ठ नागरिक, आम्हाला स्वस्तातला पास मिळेल ना?’ आणि जाऊन आलेल्यांपैकी अनेकांचा शेवटचा प्रश्न: ‘तिथे नुसती हिरवळ आणि मातीचे उंचवटे होते, त्यात पाहायचे काय होते?’

यॉर्कटाऊनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेने हत्यारे खाली ठेवली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल जवळपास ठरला. ती जमीन आज ‘कलोनियल नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’ या राष्ट्रीय उद्यानाचा भाग म्हणून जपलेली आहे. तिथे भव्य तट नाहीत, बुरूज नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर रायगड-सिंहगड असतील, तर पहिल्या नजरेत निराशा होणारच. पण काय कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे हे आधी कळले, तर एवढी स्पष्ट समजणारी रणभूमी क्वचितच सापडते. ही तयारी घरबसल्या तासाभरात होते.

आधी पाच ठिकाणे वेगवेगळी ओळखा

यॉर्क आणि जेम्स या नद्यांच्या मधल्या भूभागावर ही तीन गावे आहेत. गावे तीन असली, तरी पाहायची मुख्य ठिकाणे पाच आहेत आणि ती चालवणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. तिकिटांचा सगळा घोळ इथेच होतो.

- यॉर्कटाऊन रणभूमी: जिथे वेढा पडला आणि शरणागती झाली ती खरी जागा. केंद्र सरकारची राष्ट्रीय उद्यान सेवा ती सांभाळते. हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे.
- अमेरिकन रेव्होल्यूशन म्युझियम ॲट यॉर्कटाऊन: २०१७ मध्ये सुरू झालेले मोठे संग्रहालय. सैन्याची छावणी आणि त्या काळचे शेत यांच्या प्रतिकृती आवारात आहेत. हे व्हर्जिनिया राज्याच्या संस्थेचे आहे. रणभूमीचे तिकीट इथे चालत नाही.
- हिस्टॉरिक जेम्सटाऊन: इंग्रजांची १६०७ ची वसाहत जिथे झाली ती खरी जागा. इथे उत्खनन चालू असते आणि त्यात सापडलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे.
- जेम्सटाऊन सेटलमेंट: त्याच वसाहतीची प्रतिकृती. किल्ला, मूळ रहिवाशांची वस्ती आणि तीन जहाजे नव्याने बांधून ठेवली आहेत. हेही राज्याच्या त्याच संस्थेचे.
- कलोनियल विल्यम्सबर्ग: व्हर्जिनियाची अठराव्या शतकातली राजधानी. खासगी संस्थेने ती पूर्वीसारखी उभी केली आहे. रस्त्यांवरून मोफत फिरता येते. इमारतींत आणि कार्यशाळांत जायचे असेल तर तिकीट लागते.

घरातल्या सगळ्यांनी आधी एवढे ठरवा: जिथे घटना घडली ती जागा पाहायची आहे, की त्या काळचे जगणे कसे होते हे दाखवणारी प्रतिकृती? लहान मुलांना प्रतिकृती जास्त आवडते, इतिहासाची ओढ असलेल्यांना मूळ जागा. दोन्ही पाहायचे असेल, तर दोन दिवस धरा.

गाडीच्या नकाशात पत्ता टाकताना ‘यॉर्कटाऊन बॅटलफील्ड व्हिजिटर सेंटर’ असे पूर्ण नाव टाका. नुसते ‘यॉर्कटाऊन म्युझियम’ टाकले, तर तुम्ही गावाच्या दुसऱ्या बाजूच्या राज्य संग्रहालयात पोहोचाल.

तिकीट आणि पास: कोणाला काय लागू

रणभूमीचे शुल्क गाडीमागे नाही, माणशी आकारले जाते. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. तिकीट सात दिवस चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी पाऊस आला म्हणून पैसे वाया जात नाहीत. पावती जपून ठेवा. शुल्काचा आकडा अधूनमधून बदलतो, तो निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. अनेक राष्ट्रीय उद्यानांत रोख पैसे घेतले जात नाहीत, म्हणून कार्ड जवळ असू द्या.

पासांबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. ते असे सोडवा:

- ज्येष्ठांचा पास: ६२ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे वय कितीही असले, तरी तो त्यांना लागू नाही. खिडकीवर वाद घालून उपयोग होत नाही.
- अपंगत्वाचा मोफत पास: हाही नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच.
- वार्षिक पास: २०२६ पासून त्याचे दोन दर आहेत, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ८० डॉलर आणि इतरांसाठी २५० डॉलर. माणशी शुल्क असलेल्या ठिकाणी पासधारकाबरोबर आणखी तीन प्रौढांना प्रवेश मिळतो. म्हणजे मुलाकडे किंवा सुनेकडे असा पास असेल आणि तेही बरोबर येणार असतील, तर आई-वडिलांचे वेगळे तिकीट काढावे लागत नाही. पासाबरोबर पासधारकाचे फोटो ओळखपत्र मात्र लागते.
- मोफत प्रवेशाचे दिवस: २०२६ पासून ही सवलत अमेरिकेतल्या रहिवाशांपुरती आहे. पाहुण्यांसाठी त्या दिवसाचा बेत आखू नका. गर्दी मिळेल, सवलत मिळणार नाही.
- पास कुठे चालत नाही: दोन्ही राज्य संग्रहालयांत आणि कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये. हिस्टॉरिक जेम्सटाऊनला पास केंद्र सरकारच्या शुल्कापुरताच चालतो. तिथल्या भागीदार संस्थेचे शुल्क वेगळे भरावे लागते.

फक्त यॉर्कटाऊन पाहायचे असेल, तर साधे तिकीट काढा. वर्षभरात अमेरिकेतली आणखी मोठी राष्ट्रीय उद्याने पाहायची असतील, तरच पासाचा हिशेब मांडा.

कसे आणि केव्हा जावे

रस्ता मोकळा असेल तर वॉशिंग्टन परिसरातून यॉर्कटाऊनला सुमारे तीन तास लागतात आणि रिचमंडहून तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. पण वॉशिंग्टन ते रिचमंड या पट्ट्यात महामार्ग ९५ शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी तुंबतो. सकाळी लवकर निघा किंवा मुक्काम करा. न्यू जर्सीतून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका. जाण्यायेण्यातच दिवस संपेल आणि थकलेल्या डोळ्यांना रणभूमी दिसणार नाही.

गाडी नसेल, तर ॲमट्रॅकची रेल्वे विल्यम्सबर्गपर्यंत येते. तिथून यॉर्कटाऊन साधारण १३ मैल आहे, म्हणजे टॅक्सी लागेल. रणभूमीवरची ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे परतीची सोय आधीच करून ठेवा.

तिन्ही गावांना जोडणारा कलोनियल पार्कवे हा २३ मैलांचा रस्ता मुद्दाम निवडा. दोन्ही बाजूंना झाडी आणि नदीची पात्रे आहेत, जाहिरातींचे फलक नाहीत, पेट्रोल पंप नाहीत, मालट्रकना मनाई आहे. रस्त्यावर लेनच्या रेषाही नाहीत, याची चालवणाऱ्याला कल्पना द्या. टाकी आधी भरून घ्या आणि वेगमर्यादा पाळा.

वेगाबद्दल एक गंभीर सूचना. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त वेग किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर वेग गेला, तर तो नुसता दंडाचा विषय राहत नाही. तो फौजदारी गुन्हा मानला जातो आणि न्यायालयात उभे राहावे लागते. व्हिसावर असलेल्यांनी हा धोका पत्करू नये. गाडी चालवताना फोन हातात धरण्यासही बंदी आहे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सर्वांत चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण देतो आणि दुपारी वादळी पाऊस येतो. १९ ऑक्टोबरला ‘यॉर्कटाऊन डे’ असतो: संचलन, पुष्पचक्रे, भाषणे. सोहळा पाहायचा असेल तर त्या दिवशी जा. शांतपणे रणभूमी पाहायची असेल, तर तो दिवस टाळा.

वेळेनुसार तीन पर्याय

1. दोन-अडीच तास असतील तर: व्हिजिटर सेंटर, तिथला चित्रपट, मागचा ब्रिटिश तट आणि ९ व १० क्रमांकाच्या गढ्या. एवढे चालत होते.
2. अर्धा दिवस असेल तर: वरील सगळे आणि लाल बाणांचा सात मैलांचा गाडीमार्ग. तो मूर हाऊस आणि शरणागतीच्या मैदानापर्यंत नेतो.
3. पूर्ण दिवस असेल तर: सकाळी लाल मार्ग, दुपारी यॉर्कटाऊन गाव आणि नदीकाठ, आणि उत्साह असेल तर पिवळ्या बाणांचा नऊ मैलांचा छावणीमार्ग. त्यावर वॉशिंग्टनच्या मुक्कामाची जागा, फ्रेंच तोफखान्याचा तळ आणि फ्रेंच सैनिकांची दफनभूमी लागते.

पिवळ्या मार्गावर बहुतेक ठिकाणी मोकळी जागा आणि माहितीचा फलक एवढेच आहे. वेळ कमी असेल, तर तो बिनदिक्कत वगळा.

सुरुवात व्हिजिटर सेंटरपासूनच करा

अनेक जण ‘आधी बाहेर फिरून येऊ, मग आत जाऊ’ म्हणतात आणि तिथेच चुकतात. बाहेरचे उंचवटे नकाशाशिवाय मुके आहेत. आत आधी चित्रपट पाहा, नकाशा घ्या आणि त्या दिवशी रेंजरची फेरी किती वाजता आहे ते विचारा. या फेऱ्यांसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. अनुभवी रेंजरबरोबर चाललेला अर्धा तास कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त समजावतो. वॉशिंग्टनने मोहिमेत वापरलेल्या तंबूचा भाग इथल्या संग्रहात आहे, तो प्रदर्शनात आहे का ते विचारून घ्या.

जाण्याआधी एवढा घटनाक्रम लक्षात ठेवला, तरी पुरेल:

- ऑगस्ट १७८१: कॉर्नवॉलिस यॉर्कटाऊनला तळ ठोकतो. मागे खोल पात्राची यॉर्क नदी, म्हणजे ब्रिटिश आरमाराची मदत सहज येईल असा त्याचा हिशेब.
- ५ सप्टेंबर: चेसापीक उपसागराच्या तोंडाशी अमेरिकींच्या बाजूने लढणारे फ्रेंच आरमार ब्रिटिश आरमाराला परतवते. समुद्राची वाट बंद.
- २८ सप्टेंबर: न्यूयॉर्कजवळून चालत आलेल्या वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांच्या फौजा वेढा घालतात. दोघांची मिळून १७ हजारांवर माणसे, कॉर्नवॉलिसकडे आठ हजारांच्या आसपास.
- ९ ऑक्टोबर: तोफांचा मारा सुरू.
- १४ ऑक्टोबरची रात्र: दोन गढ्या पडतात.
- १७ ऑक्टोबर: पांढरे निशाण.
- १९ ऑक्टोबर: शरणागती.

लाल मार्गावर काय आणि कसे पाहावे

ब्रिटिशांचा आतला तट. व्हिजिटर सेंटरच्या मागेच आहे. इथे गावाकडे पाठ करून उभे राहा आणि बाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे पाहा. वेढ्यात सापडलेल्या शिपायाची नजर तीच होती. दिसणारी सगळी माती १७८१ ची नाही. १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातही यॉर्कटाऊनला वेढा पडला होता आणि दक्षिणेच्या सैन्याने हाच तट वाढवून घेतला होता. जवळची राष्ट्रीय दफनभूमीही त्या दुसऱ्या युद्धातली आहे. तिथल्या थडग्यांना वॉशिंग्टनचे सैनिक समजू नका.

फ्रेंचांचा मोठा मोर्चा. पहिल्या वेढारेषेवरची ही तोफांची सर्वांत मोठी जागा. इथे तोफेच्या तोंडाच्या दिशेने गावाकडे पाहा आणि अंतर मनात धरा. वेढ्याचे सगळे तंत्र या अंतरात आहे: रात्री खंदक खणायचे, त्यांच्या आड तोफा पुढे आणायच्या, पुन्हा पुढे खणायचे.

दुसरी वेढारेषा. ११ ऑक्टोबरच्या रात्री ती खणायला घेतली. आता गाव सुमारे ४०० यार्डांवर आले होते. पण ही रेषा नदीपर्यंत नेता येईना, कारण वाटेत ब्रिटिशांच्या दोन छोट्या मातीच्या गढ्या होत्या.

गढी क्रमांक ९ आणि १०. वेळ कितीही कमी असला, तरी इथे थांबाच. ९ क्रमांकाच्या गढीच्या खंदकाच्या काठाशी जा आणि भिंतीकडे पाहा. मातीच्या उतारातून टोकदार लाकडी खुंट ओळीने आडवे बाहेर आलेले दिसतील. अंधारात खंदकात उतरलेल्या माणसाला ते छातीशी लागत. त्यांच्यामधून किंवा त्यांच्यावरून वर चढायचे आणि वर संगिनी घेऊन शत्रू उभा. १४ ऑक्टोबरच्या रात्री ४०० फ्रेंच सैनिक ९ वर आणि ४०० अमेरिकी सैनिक १० वर चालून गेले. आवाज होऊ नये म्हणून अमेरिकींनी बंदुका ठासलेल्याही नव्हत्या. त्यांचे नेतृत्व अलेक्झांडर हॅमिल्टनकडे होते, जो पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला. १० क्रमांकाची गढी काही मिनिटांतच पडली. फ्रेंचांना थोडा जास्त वेळ लागला आणि त्यांची माणसेही जास्त पडली. गढ्या हातात येताच दुसरी वेढारेषा नदीला भिडली आणि गावातली एकही जागा तोफेच्या टप्प्याबाहेर राहिली नाही.

१० क्रमांकाच्या गढीचा बराच भाग नदीने पोखरून नेला आहे. आज दिसतात ती बरीचशी बांधकामे उत्खननाच्या आधारे नंतर पुन्हा उभी केलेली आहेत. शरणागतीनंतर वॉशिंग्टनने वेढ्याचे मोर्चे सपाट करायला लावले होते. १९३० च्या दशकात उद्यानाने ते शोधून काढले आणि आकाराला आणले. त्यामुळे ‘हे मूळचे की पुन्हा बांधलेले?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी रेंजरला विचारा. त्याचे उत्तर तुम्हाला सरळ मिळेल.

मूर हाऊस. १८ ऑक्टोबरला तहाच्या अटी इथे लिहिल्या गेल्या. घर आतून पाहण्याची सोय ठरावीक हंगामातच असते, बाहेरून केव्हाही पाहता येते. आदल्या वर्षी चार्ल्सटनला अमेरिकी फौज शरण आली, तेव्हा ब्रिटिशांनी तिला निशाणे फडकवत बाहेर पडण्याचा मान नाकारला होता. अमेरिकींनी तीच अट आता ब्रिटिशांवर घातली.

शरणागतीचे मैदान. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला अमेरिकी, आणि मधून गुंडाळलेली निशाणे घेऊन ब्रिटिश आणि त्यांच्या बाजूने लढलेले जर्मन शिपाई चालत आले. सात हजारांवर माणसांनी इथे हत्यारे टाकली. कॉर्नवॉलिस आजारपण सांगून आला नाही. त्याच्या वतीने जनरल ओहारा आला. त्याने तलवार आधी फ्रेंच सेनापतीकडे नेली. तिथून त्याला वॉशिंग्टनकडे पाठवले गेले आणि वॉशिंग्टनने त्याला आपल्या दुय्यम सेनापतीकडे, बेंजामिन लिंकनकडे वळवले. चार्ल्सटनला शरण जावे लागलेला सेनापती हाच.

यॉर्कटाऊन गाव. मेन स्ट्रीटवरचे नेल्सन हाऊस पाहा. हे घर थॉमस नेल्सन यांचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक, आणि वेढ्याच्या वेळी व्हर्जिनियाचे गव्हर्नर. घराच्या भिंतीवर तोफांच्या माऱ्याच्या खुणा आहेत. जवळच विजयस्तंभ आहे. तो उभारण्याचा ठराव अमेरिकी काँग्रेसने ऑक्टोबर १७८१ मध्येच केला, पण पायाभरणी व्हायला १८८१ साल उजाडले. नदीकाठावरून समोरचे ग्लॉस्टर पॉइंट दिसते. १६ ऑक्टोबरच्या रात्री कॉर्नवॉलिसने फौज होड्यांतून तिकडे नेण्याचा प्रयत्न केला आणि वादळाने तो उधळला. पात्राची रुंदी डोळ्यांनी पाहिली, की त्या रात्रीचा जुगार कळतो.

मराठी वाचकाने मनाशी बाळगायचे दुवे

हे दुवे तिथल्या फलकांवर शोधू नका. ते तुम्ही बरोबर न्या, कारण त्यांनी ही परक्या देशातली हिरवळ आपल्या इतिहासाला जोडली जाते.

- यॉर्कटाऊनला वेढा पडला त्याच वर्षी, १७८१ च्या सुरुवातीला, ब्रिटिशांचा जनरल गॉडर्ड पुण्याच्या रोखाने बोरघाटापर्यंत आला होता. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याला हैराण केले आणि एप्रिलमध्ये त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला. ब्रिटिश साम्राज्य एकाच वेळी किती आघाड्यांवर ताणले गेले होते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते.
- हरलेल्या कॉर्नवॉलिसची कारकीर्द संपली नाही. १७८६ मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. १७९२ मध्ये त्याने टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा घातला, तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या बाजूने होती. बंगालचा कायमधारा त्याच्याच काळातला. १८०५ मध्ये तो दुसऱ्यांदा आला आणि त्याच वर्षी गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथे आहे.
- १६ ऑक्टोबरच्या पहाटे वेढ्यातून बाहेर पडून तोफा निकामी करण्याचा प्रयत्न करणाऱ्या ब्रिटिश तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी. हाच पुढे १७९० ते १७९२ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता.

रेंजरला विचारण्यासारखे प्रश्न

विजयाची कथा तुम्हाला न मागता मिळेल. तिच्या सावलीतली माणसे मात्र विचारल्याशिवाय भेटत नाहीत.

- ब्रिटिशांकडे गेल्यास सुटका होईल या आशेने पळून आलेल्या कृष्णवर्णीय गुलामांचे वेढ्यात काय झाले? अन्न संपत आले, देवीची साथ पसरली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना ब्रिटिशांनी तटाबाहेर काढले. तहाच्या कलमांत मालकांना आपली ‘मालमत्ता’ परत मागण्याचा अधिकार होता आणि त्या मालमत्तेत ही माणसे धरली गेली.
- जेम्स आर्मिस्टेड लाफाएत कोण होता? गुलाम असताना त्याने कॉर्नवॉलिसच्या तळात राहून अमेरिकींसाठी हेरगिरी केली. त्याला स्वातंत्र्य मिळायला १७८७ साल उजाडले, तेही राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केल्यावर.
- ऱ्होड आयलंडच्या पलटणीतले कृष्णवर्णीय सैनिक वेढ्यात कुठे होते?

मुले बरोबर असतील, तर हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. त्यांच्यासाठी ‘ज्युनिअर रेंजर’ उपक्रमाची पुस्तिकाही मागून घ्या. तिच्यातली कामे पूर्ण केली की बिल्ला मिळतो आणि मुले रणभूमीवर स्वतःहून शोधत फिरतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- उंचवट्यांवर चढणे. फोटोसाठी मुलांना मातीच्या तटावर उभे करू नका. हजारो पावलांनी माती घसरते, गवत मरते आणि पुढच्या पावसात तट वाहून जातो. आखलेल्या वाटेवरूनच चाला.
- ‘आठवण’ उचलणे. जमिनीवर दिसलेली गोळी, गुंडी, विटेचा तुकडा काहीही उचलू नका. तो केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वस्तू दिसलीच तर जागेचा फोटो काढा आणि रेंजरला सांगा. धातुशोधक यंत्र आणण्यासही बंदी आहे.
- ड्रोन उडवणे. राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे.
- उंच गवतात शिरणे. उन्हाळ्यात इथे गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पूर्ण पायजमा किंवा पँट, मोजे आणि बंद बूट घाला. परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला तपासा.
- पाण्याविना निघणे. गाडीमार्गावर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. स्वच्छतागृह व्हिजिटर सेंटरमध्येच वापरून घ्या. गावात उपाहारगृहे आहेत, पण शाकाहारी पदार्थ मोजके मिळतात. पोळी-भाजीचा डबा बरोबर असलेला बरा.
- उशिरा पोहोचणे. रणभूमीचे रस्ते सूर्यास्ताला बंद होतात आणि व्हिजिटर सेंटर त्याआधीच. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशी सेंटर बंद असते.

तुमचे हक्क आणि सोयी

- चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना व्हिजिटर सेंटरमध्ये प्रवेश आणि चित्रपटाला सबटायटल्स मिळणे हा सोयीचा नव्हे, कायद्याचा भाग आहे. कोणती वाट सपाट आहे आणि खुर्ची तिथे मिळते का, हे आधी फोन करून विचारा.
- ज्यांना जास्त चालवत नाही, त्यांनी संकोच करू नये. लाल मार्गावरची बहुतेक ठिकाणे गाडी थांबवून जवळूनच पाहता येतात.
- घरगुती फोटो आणि व्हिडिओ काढायला परवानगी किंवा शुल्क लागत नाही.
- इंग्रजी जड जात असेल, तर रेंजरला सावकाश बोलायला सांगा. रेंजरचे कामच समजावण्याचे आहे.
- सेवेबद्दल तक्रार असेल, तर व्हिजिटर सेंटरमध्ये किंवा उद्यानाच्या संकेतस्थळावर लेखी नोंदवा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.
- साध्या तिकिटासाठी पासपोर्ट दाखवावा लागत नाही. तरीही १८ वर्षांवरील परदेशी पाहुण्याने आपल्या वैध वास्तव्याचा पुरावा जवळ बाळगावा, असा अमेरिकेचा कायदा आहे. पासपोर्ट आणि प्रवेशनोंदीची छापील प्रत बरोबर ठेवा.
- प्रवासविम्याचे कार्ड खिशात असू द्या. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ९११.

निघण्याच्या आदल्या रात्री

1. उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ते बंद असल्याच्या सूचना, वेळा आणि शुल्क पाहा. पार्कवेच्या काही भागांची दुरुस्ती अधूनमधून चालते.
2. रणभूमीचा नकाशा फोनवर उतरवून ठेवा.
3. पास असेल तर पासधारक आणि त्याचे ओळखपत्र दोन्ही गाडीत आहेत ना, ते पाहा.
4. वरचा घटनाक्रम घरातल्या सगळ्यांना एकदा वाचून दाखवा. पाच मिनिटे लागतात.

या चारांपैकी एकच करायला वेळ असेल, तर चौथे करा. तिकिटाचा घोळ खिडकीवर निस्तरता येतो आणि चुकलेले वळण पुन्हा घेता येते. पण घटनाक्रम डोक्यात नसेल, तर ९ क्रमांकाच्या गढीसमोर उभे राहूनही तुम्हाला फक्त खंदक दिसेल. तो डोक्यात असेल, तर ती गढी का पडायला हवी होती, ती पडल्यावर नदीपर्यंतची रेषा कशी पूर्ण झाली आणि तीन दिवसांत पांढरे निशाण का निघाले, हे तुम्ही स्वतःच बरोबरच्यांना समजावून सांगाल.